उंबरावरचा शिक्का

या, बसा. दगड थोडा टोचेल, पण सावली चांगली आहे. मी हातोडा. खिळे ठोकणारा नाही, आणि दगड फोडणाराही नव्हतो. ती पाळी माझ्यावर म्हातारपणी आली. मी जंगल खात्याचा शिक्का मारायचा हातोडा. उभ्या सागाची साल कुऱ्हाडीनं तासायची आणि त्या ओल्या जागेवर मला हाणायचं, एवढंच माझं काम. माझा ठसा उमटला की झाडाची वेळ भरली. ठसा नसेल तर झाडाला कोणी हात लावायचा नाही.

तोंड कडू करून बोलतोय असं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. जे पाहिलं ते गोड करून सांगायला मी काही पेढेवाला नाही.

माझा जन्म नाशकातला, एक्याण्णव सालचा. भद्रकालीकडच्या एका बोळात एक लोहार होता, त्यानं मला घडवलं आणि तोंडावर अक्षरं कोरली, तीही उलटी. त्याची बायको म्हणाली, "अहो, हे तर वाचताच येईना." लोहार म्हणाला, "याचं तोंड उलटंच पाहिजे, तेव्हा काम सुलट उमटतं." पुढं आयुष्यभर मी माणसं पाहिली ती बरोबर याच्या उलट. तोंड सुलट, काम उलटं.

शाळेत मी गेलो नाही. माझी शाळा म्हणजे लाकडाचा आगार. तोडलेले ओंडके तिथं रचून ठेवत आणि लिलाव होत. नाशिकचे, येवल्याचे, मालेगावचे वखारवाले येत. मी साहेबाच्या टेबलावर पडून ऐकायचो. एक धडा तिथं पक्का शिकलो: जो व्यापारी मालाला नावं ठेवतो, तो घेणार. 'गाठी फार आहेत, बुडखा किडलाय,' असं म्हणत म्हणत तो बोली वाढवतो. आणि जो तोंड भरून कौतुक करतो, तो एकतर उठून जाणार, नाहीतर तुमच्या खिशातलं दुसरंच काही काढणार. कौतुक ऐकलं की खिसा चाचपावा. हा धडा मला आला, पण माझ्या मालकाला आला नाही, म्हणून ही सगळी गोष्ट.

माझा मालक पुंजाराम. वनरक्षक. मूळचा घोटीकडचा, भाताच्या चिखलात वाढलेला, पण नोकरी सगळी डोंगरात, नाशिकच्या पश्चिमेला, जिथं सागाची पानं माघात गळतात आणि पायाखाली पापडासारखी वाजतात. काडीसारखा माणूस. खिशात विडी, खांद्याला मी.

त्याची शिक्का मारायची रीत बघण्यासारखी होती. झाडाभोवती आधी एक चक्कर मारायचा. वर बघायचा, घरटं आहे का, मधाचं पोळं आहे का. मग झाड पडलं तर कुठल्या अंगाला पडेल, कुणाला घेऊन पडेल, ते बघायचा. मग दोन शिक्के. एक छातीच्या उंचीवर, एक पार मुळाशी. मुळाशी का? कारण झाड तोडलं की खोड गाडीत बसून जातं, पण बुंधा तिथंच राहतो. उद्या कोणी तपासायला आलं, तर बुंध्यानं सांगावं, की बाबा, मला रीतसर तोडलंय. ज्या बुंध्यावर ठसा नाही, तो चोरीचा.

एका दिवसात पुंजाराम तीस झाडं करायचा. त्याच्या वरचा फॉरेस्टर चिडायचा. "अरे, लग्न लावतोयस का एकेकाचं?" पुंजाराम म्हणायचा, "लगीन नाय, साहेब, तेराव्याचं ठरवतोय. घाई कशाला?"

आणि हे सगळं मनाचं नव्हतं बरं का. त्याच्याजवळ एक पुस्तक असायचं, कार्य आयोजना म्हणतात त्याला. एका जुन्या साहेबानं लिहिलेलं. जंगलाचे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्याला कूप म्हणायचं. कुठल्या साली कुठल्या कूपातली किती झाडं तोडायची, रस्ता कुठून न्यायचा, पाणी खालून जायला मोऱ्या कुठं ठेवायच्या, जाळरेषा कुठं आणि कधी जाळायच्या, सगळं त्यात. जाळरेषा म्हणजे काय, तर उन्हाळ्यातला वणवा अडावा म्हणून गवताचा एक पट्टा आपणच आधी जाळून ठेवायचा. फेब्रुवारीच्या मध्याआधी, सकाळच्या दवात, वरून खाली, दोन्ही अंगाला माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन उभी करून. आग कशी बैलासारखी वेसण घालून न्यायची. तो जुना साहेब हे डोंगर पायी हिंडला होता, ते त्याच्या लिहिण्यावरून कळायचं. उंबरझरीच्या चढाबद्दल त्यानं एकच ओळ लिहिली होती: या उतारावर तोड नाही, रस्ता नाही, आग नाही. पुंजारामनं त्या ओळीखाली शिसपेन्सिलीनं रेघ ओढली होती.

आता उंबरझरी. चाळीस घरांचा पाडा. वर सागाचा चढ, चढाच्या पायथ्याला एक जुना उंबर, आणि उंबराच्या मुळातून झरा. मे महिन्यातही हंडा बुडायचा. या झऱ्याची कारभारीण नवसाबाई. तिला कोणी नेमलं नव्हतं, पण तिच्या परवानगीशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नव्हतं. "चपला काढ! तुझ्या बापानं बांधलाय का?" हे तिचं रोजचं वाक्य. एकदा खुद्द फॉरेस्टरला तिनं बूट काढायला लावले आणि त्याच्या मोज्याला पडलेलं भोक सगळ्या बायांनी पाहिलं. वर्षातून एकदा, होळीच्या आधी, बाया झरा उपसायच्या, गाळ काढायच्या, आणि नवं पाणी साचलं की पहिला हंडा उंबराला घालायच्या. मग माणसांनी प्यायचं.

पुंजाराम पहिल्यांदा मला घेऊन तिथं गेला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गार्डदादा, हे काय?"

"शिक्क्याचा हातोडा."

"तो वरच्या अंगाला नाय गेला पायजे. ती झाडं हायेत तर खाली पाणी हाय."

"नाय जाणार, नवसाबाई. पुस्तकातच लिवलंय तसं."

"पुस्तक मला वाचता येत नाय. तू बोल."

पुंजारामनं ओंजळीत पाणी घेतलं आणि बोलला, "हा हातोडा या चढावर पडणार नाय." पाणी प्याला. मी त्याच्या खांद्यावरून ऐकलं. सहा वर्षं तो शब्द मी पाळला. हातोड्यानं शब्द पाळणं म्हणजे काय, तर पिशवीत गप्प राहणं. तेवढं मला जमतं.

मध्यंतरी झाडमोजणीचं एक पथक येऊन गेलं. मोजायला डोंगर चढावा लागतो. ते आले जीपमधून, बसले पाड्यावर मोहाखाली. कोंबडी शिजली. एकानं जेवता जेवता समोरच्या टेकडीकडं बोट दाखवून पंधरा झाडं मोजली, दुसऱ्यानं टेकडीच्या आकारानं गुणलं. दुपारपर्यंत कूपात तीनशे साग उगवले. जंगल असं पंगतीत वाढताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चोरटी तोड मात्र वर्षानुवर्षं चालूच होती, तिला कोणी गुणलं नाही.

सत्त्याण्णव साली त्या कूपाची पाळी आली. कागदावर तीनशे, जमिनीवर एकशे साठ. आता बाकीचे आणायचे कुठून? खरं लिहायचं तर मागच्या सगळ्यांची कोंबडी उलटी पडली असती. नवीन रेंजर साहेब आले होते, चकचकीत माणूस, आणि त्यांच्याबरोबर गेणूशेठ. गेणूशेठची नाशकात वखार. तोडीचं काम कागदोपत्री मजुरांच्या सोसायटीकडं, पण ट्रक गेणूशेठचे, डोझर गेणूशेठचा आणि सोसायटीचा चेअरमन गेणूशेठच्या पानाच्या डब्यातला. त्यानं उंबरझरीच्या चढाकडं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ये तो सोना है. इथं काय देवाला ठेवलंय का?"

साहेबांनी पुंजारामला बंगल्यावर बोलावलं. खुर्ची दिली. चहा दिला. "पुंजाराम, तुझ्यासारखा गार्ड सगळ्या डिव्हिजनमध्ये नाही. तुझं काम म्हणजे काम." मी पिशवीत शहारलो. मनात म्हटलं, पुंजाराम, खिसा चाचप. पण माझं ऐकतो कोण?

त्याच आठवड्यात पुंजारामच्या मुलीची, मनीषाची, सुपारी फुटायची होती घोटीला. दोन दिवस सुट्टी पाहिजे होती, आणि तोडीच्या हंगामात सुट्टी कोणाला मिळत नव्हती.

"जा की," साहेब म्हणाले. "लेकीचं काम आहे. हातोडा तेवढा ठेवून जा. पाच-पंचवीस झाडं राहिलीत, फॉरेस्टर करतील."

नियम असा, की ज्याच्या नावावर हातोडा, त्याच्याच हातात हातोडा. बायको माहेरी पाठवावी, पण हातोडा दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असं पुंजाराम स्वतःच नव्या पोरांना सांगायचा.

"साहेब, झऱ्याच्या वर नाय ना जाणार?"

"वेडा का तू?"

आणि त्यानं मला टेबलावर ठेवलं. ठेवताना त्याचा हात थबकला होता, हे मला माहीत आहे. त्याला कळलं होतं. कळूनही ठेवलं. लोक म्हणतात फसला. मी म्हणतो, लेकीच्या सुपारीच्या मोबदल्यात सौदा केला, आणि तो सौदा तोट्याचा निघाला.

फॉरेस्टरनं मला हातसुद्धा लावला नाही. गेणूशेठच्या मुकादमानं मला उचललं. लठ्ठ, धापा टाकणारा गडी. झाडाभोवती चक्कर नाही, वर बघणं नाही. एक माणूस पुढं साल तासतोय, हा मागून हाणतोय, गुटखा थुंकतोय आणि हाणतोय. एका दिवसात एकशे चाळीस. माझ्या तोंडात सालीचा चोथा बसला, अक्षरं बुजली, तरी हाणतोय. कोवळी पोरं होती त्यात, मनगटाएवढी, त्यांनाही. संध्याकाळी उतरताना शेवटी उंबर लागला. त्याला वाटलं, हेही एक झाड. साल तासली आणि मला हाणलं. चीक उडाला, पांढरा, दुधासारखा, माझ्या तोंडावर. मला शिसारी आली ती त्या दिवशी. अजून गेलेली नाही.

आता गंमत बघा. जंगलात काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, उंबराला लाकूड म्हणून कोणी तोडत नाही. लाकूड कुचकामी, आणि वर देवाचं झाड. तोडणारे आले, एकशे एकोणचाळीस झाडं आडवी केली, आणि उंबरापाशी येऊन कुऱ्हाडी खाली ठेवल्या. ओंडके ओढणारा गोटीराम, नवसाबाईचा भाऊ, मुकादमाला म्हणाला, "याला तू हात लाव. आमच्या हाताला लकवा नको." मुकादमही भ्याला. उंबर राहिला. अंगावर माझा ठसा घेऊन राहिला.

नवसाबाई चढावर आली तेव्हा निम्मी झाडं पडली होती. ओरडली नाही. पडलेल्या सागाच्या बुंध्यापाशी बसली, माझा ठसा बोटानं चाचपला आणि गोटीरामला म्हणाली, "तू सुद्धा?"

"ताई, मजुरी हाय. मी नाय ओढलं तर दुसरा ओढील."

"मग दुसऱ्यालाच पाणी माग उद्यापासून."

लाकूड खाली न्यायला पुस्तकातला रस्ता होता, डोंगराच्या धारेवरून, वळणं घेत, मोऱ्यांसकट. लांबचा. गेणूशेठला डिझेल परवडेना. "सीधा उतार दो," म्हणाला. डोझरनं चढाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत नाकासमोर एक चर फाडला. ना मोरी, ना आडवा बांध. निघालेली माती ढकलली ओहोळात. अहो, डोंगरावर सरळ रस्ता काढणं म्हणजे पाण्याला घसरगुंडी करून देणं, हे शेळ्या वळणाऱ्यालाही कळतं. शेळ्यासुद्धा डोंगर तिरका उतरतात.

मार्चमध्ये कळलं, वरून तपासणी येणार. पुस्तकात तोडच नाही त्या चढावर एकशे एकोणचाळीस बुंधे. साहेबांनी हुकूम सोडला, जाळरेषा राहिलीय, जाळून घ्या. मार्चमध्ये! भर दुपारी! रेषा नाही, सगळा चढ. वेसण नाही, कासरा नाही. वाळलेला पाला, फांद्या, सालपटं, त्यावर काडी. पुंजाराम तेव्हा परतला होता. डहाळी घेऊन धावत होता, भुवया जळाल्या, पण ती आग ऐकणारी नव्हती. पाड्याच्या माणसांनी रात्र होईपर्यंत धोंडे-माती टाकून घरं वाचवली. बुंधे जळाले, ठसे जळाले. कागदावर आलं: जाळरेषेचं काम पूर्ण.

पुढच्या आषाढात जे व्हायचं ते झालं. झाडं नाहीत, गवत नाही, आणि वर सरळ रस्ता. तिसऱ्या दिवशी चढ खाली आला. झऱ्यावर पुरुषभर दगडमाती. झऱ्याच्या वरच्या अंगाचा उंबर कमरेपर्यंत गाडला गेला, पण उभा राहिला, छातीवरचा ठसा मातीच्या वर. झरा गेला. बाया पलीकडच्या खोऱ्यात नदीवर जाऊ लागल्या, जायला तास, यायला दीड. नवसाबाईचा गुडघा त्या वाटेवरच गेला.

गाव तालुक्याला गेलं, ओरड झाली, चौकशी आली. मी पुरावा म्हणून टेबलावर. चौकशीवाल्यांनी टेप लावून रस्ता मोजला, लांबी, रुंदी, सगळं. झरा मोजला नाही, कारण तो दिसत नव्हता. नवसाबाई त्यांना हाताला धरून उंबरापाशी घेऊन गेली. सालीवर माझा ठसा, स्वच्छ.

"साहेब, हा उंबर. उंबराला शिक्का कोण मारील? आमचा गार्डदादा मारील? त्याला झाड कळतं. ज्यानं मारला त्याला उंबर आन साग कळत नाय. म्हणजी हातोडा दुसऱ्याच्या हातात व्हता. एवढं तुमास्नी कळतंय ना?"

वकिलालाही सुचलं नसतं असं बोलली. चौकशीवाल्याचं पेन थांबलं. पण आदल्या संध्याकाळी रेंजर साहेबांनी पुंजारामला बाजूला घेतलं होतं, आणि मी टेबलावर होतो.

"नीट ऐक. हातोडा दुसऱ्याला दिला म्हणालास, तर नोकरी जाते, पेन्शन जाते. मी स्वतः मारला म्हणालास, तर ती चूक. चुकीला फक्त ताकीद असते. लेकीचं लग्न आहे ना वैशाखात?"

चौकशीवाल्यानं विचारलं, "पुंजाराम, उंबरावरचा शिक्का कोणाचा?"

"माझा, साहेब. चुकून मारला."

संपलं. शिक्का रीतसर, म्हणून तोड रीतसर, म्हणून रस्ताही रीतसर. पुस्तकातली ती ओळ कोणी उघडून पाहिलीच नाही. नवसाबाई जमिनीवर थुंकली आणि म्हणाली, "बरंय, सरकार." त्या दिवसापासून दादा हा शब्द गेला. समोर आला की, "या सरकार," "बसा सरकार." शिवी परवडली असती.

दोन हजार तीन साली पुंजाराम निवृत्त झाला. नव्या नमुन्याचे हातोडे आले, आम्हा जुन्यांची अक्षरं दोन साक्षीदारांसमोर कानशीनं घासून काढली. त्याचं मला दुःख नाही. ज्या तोंडानं असं बोलावं लागलं ते गेलेलं बरं. मोडीच्या ढिगातून पुंजारामनं मला मागून घेतलं. साहेब हसले. "काय रे, नारळ फोडायला?"

घोटीला त्याची बायको लंकाबाई वाट बघत होती, की आता तरी हा घरी बसेल. हा महिन्यातले पंधरा दिवस एस.टी.नं उंबरझरीला यायला लागला. गोटीरामच्या पडवीत झोपायचा आणि दिवसभर गाडलेला झरा खणायचा. पहार, घमेलं आणि मी. मोठा धोंडा आला की मला हाणायचा. नवसाबाई काठी टेकत यायची, बघायची, "खणा सरकार," म्हणायची आणि निघून जायची.

एका हिवाळ्यात त्यानं छातीएवढं खणलं. पावसाळ्यात रस्त्यानं पुन्हा भरलं. दुसऱ्या हिवाळ्यात गोटीराम आला, मग आणखी चार जण. त्यांनी रस्त्यावरच आडवे चर खणले, दगडी बांध घातले, की पाणी वाटेतच बाजूला वळावं. काम चोख झालं. आणि मे महिन्यात यंत्र आलं, मुरूम आला, चर बुजवले. का? तर रस्ता खात्याच्या रस्त्यांच्या यादीत होता! यादीतल्या रस्त्याची दरवर्षी दुरुस्ती करावी लागते. वर एक झाड नाही, त्या रस्त्यावरून जायला कोणी नाही, पण दुरुस्ती होते. लागोपाठ तीन वर्षं. हिवाळ्यात माणसांनी चर खणायचे, उन्हाळ्यात खात्यानं बुजवायचे, पावसाळ्यात झरा भरायचा. मी पुष्कळ लबाड व्यापारी पाहिले, पण लबाडालाही स्वतःचा फायदा कळतो. इथं तर कोणाचाच फायदा नव्हता, तरी चालू होतं. मला किळस येते ती याची.

दोन हजार सात साली नवी कार्य आयोजना बनवायला पथक आलं. मी म्हटलं, चला, कोंबडीवर संकट आलं. पण त्यांची प्रमुख, प्रतिभा मॅडम, जीप खाली ठेवून चढून आली. कापडी बूट, हातात जुनं पुस्तक. तेच, शिसपेन्सिलीची रेघ असलेलं. ती रेघ तिनं बोटानं दाखवली.

"इथं तर रस्ता नाही असं लिहिलंय. मग हा कुठून आला? कुठं जातो?"

"पाण्यात गेला," नवसाबाई म्हणाली.

मॅडम हसली नाही. बसली. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आजी, मला पटतंय. पण रेकॉर्डला तोड रीतसर आहे. इथल्या गार्डनं स्वतः शिक्के मारल्याचा जबाब आहे. तो जबाब उभा आहे तोवर रस्ता यादीतून काढायला मला कारण नाही. तो जबाब खोटा आहे असं कोणीतरी लेखी द्यायला पाहिजे."

सगळे पुंजारामकडं बघायला लागले. तो खड्ड्यात उभा, चिखलानं माखलेला, हातात मी.

मॅडमला कळलं. खाली वाकून हळूच म्हणाली, "काका, नीट विचार करा. लिहून दिलंत तर तुमच्यावर येईल. पेन्शन अडकेल. मी थांबवू शकणार नाही."

पुंजारामचा तळहात घामेजला होता. माझ्या दांड्याला कळतं ते.  

"कागद द्या," तो म्हणाला.

उंबराला टेकून त्यानं लिहिलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, सगळ्या पाड्यासमोर. 'हातोडा मी माझ्या हातानं टेबलावर ठेवला. मला संशय होता. तरी ठेवला. उंबरावरचा शिक्का माझा नाही. जबाब मी खोटा दिला.' सही केली. मनीषाच्या सुपारीचं त्यानं लिहिलं नाही. लेकीचं नाव त्यात ओढायचं नव्हतं त्याला.

पुढचं ऐका आणि हसा. पेन्शन थांबवल्याचं पत्र एका महिन्यात आलं. एवढं चपळ खातं मी कधी पाहिलं नव्हतं. रस्ता यादीतून काढायचा प्रस्ताव मात्र अजून 'विचाराधीन' आहे. ते रेंजर साहेब आता मोठ्या खुर्चीवर आहेत, वृक्षारोपणाला त्यांच्या हातात झारी असते. गेणूशेठच्या वखारीच्या पाटीवर हिरवं पान आलंय. मुकादमाचं काय झालं माहीत नाही. चढ चढताना कुठं तरी धाप लागून बसला असेल.

पण विचाराधीन म्हणजे दुरुस्ती बंद. प्रतिभा मॅडमनं तेवढं केलं. पुढच्या उन्हाळ्यात मुरूम आला नाही. चर राहिले, बांध राहिले. पाऊस आला आणि तिरका निघून गेला, शेळ्या उतरतात तसा.

या होळीच्या आधी खड्ड्याच्या तळाला, उंबराच्या मुळाशी, एक शेवटचा धोंडा राहिला होता. पुंजारामनं मला चार वेळा हाणलं. पाचव्याला तो उभा चिरला आणि फटीतून पाणी आलं. पहिलं गढूळ, मग पांढुरकं, मग स्वच्छ. फार नाही. एक हंडा भरायला घटका लागते. पूर्वीसारखं कधी होईल असं मला वाटत नाही, खोटं कशाला बोलू?

नवसाबाई खाली उतरली, बसत बसत, गुडघा धरून. हंडा भरायची वाट बघितली. पहिला हंडा उंबराला घातला. मग तांब्या भरला, आणि सगळ्यांना वाटलं आता ती पिणार. तिनं तो पुढं केला.

"पी, गार्डदादा."

पुंजारामनं मला खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तांब्या घेतला, आणि बराच वेळ तोंडाला लावूच शकला नाही.

"पी म्हणते ना. का आता लेखी देऊ?"

तेव्हा प्याला.

लंकाबाई घोटीत दुसऱ्याच्या शेतावर भात लावायला जाते आता, आणि नवऱ्याला शिव्या देते. तिचं बरोबर आहे. झऱ्याची किंमत तिनं भरली, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

मी इथंच असतो, झऱ्याच्या कडेला. तोंड गुळगुळीत, एक कोपरा उडालेला, दांडा दोनदा बदललेला. शेळ्यांचे खुंट ठोकतो, धोंडे फोडतो. उंबरावरचा ठसा अजून आहे, बोट घालून बघा. साल चारी बाजूंनी आत सरकतेय, अजून चार-पाच वर्षांत बुजेल. कोणी म्हणतं, बुजला की बरं होईल. मला वाटतं, बुजायच्या आत दोन-चार साहेबांनी चढून येऊन बघावा. खात्यात माझे पुष्कळ भाऊ आहेत, त्यांची अक्षरं अजून शाबूत आहेत. तुमच्या ओळखीत कोणाच्या हाती त्यातला एक असेल, तर एवढंच सांगा, की हाणायच्या आधी झाडाभोवती एक चक्कर मार.

तहान लागली असेल तर पाणी घ्या. तांब्या त्या फांदीला आहे. चपला मात्र इथंच काढा. ती वर बसलेली म्हातारी आहे ना, ती मघापासून तुमच्या पायांकडंच बघतेय.